टोपोशीटवरचा पन्हाळा आणि पावनखिंडीची वाट

कोल्हापूरची शिवाजी पेठ आणि तिच्या वायव्येचा पन्हाळगड भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत, ज्यांना डोंगरभटके सर्रास टोपोशीट म्हणतात, एका तावावर सापडत नाहीत. पेठ ४७ एल/२ या तावावर येते, तर गड त्याच्या उत्तरेकडील ४७ एल/१ वर. मद्रासजवळ १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने आधाररेषा मोजून आरंभलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने देशभर पक्के बिंदू ठरवले, त्यांच्या आधारे भूभागाचा तपशील भरला गेला आणि विसाव्या शतकात सह्याद्रीचे रंगीत ताव एका इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणावर निघाले. दशमान पद्धतीनंतर हे प्रमाण १:५०,००० झाले.

या नकाशांचा प्राण तपकिरी समोच्च रेषांत आहे. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषांमधले अंतर इंची तावांवर साधारणतः ५० फुटांचे, तर नव्या तावांवर २० मीटरचे असते. पन्हाळ्याच्या पश्चिमेचे मसाई पठार त्यांत पाहिले, तर माथ्यावर रेषा इतक्या विरळ होतात की कागद जवळजवळ कोरा भासतो आणि कडेला येताच त्या एकमेकींना खेटून कड्याची जाड पट्टी उमटते. जांभ्या दगडाच्या सपाट सड्याचे हे रूप घरबसल्या वाचता येते. पाण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण मोजणी बहुधा पाऊस सरल्यावर होत असे आणि काळ्या रेषेने कोरडा दाखवलेला ओढा आषाढात माणूस ओढून नेण्याइतका फुगतो.

तुळशी आणि काळम्मावाडी धरणांपूर्वीचे ताव आजच्या तावांशेजारी ठेवले, की जिथे आता निळा जलाशय आहे तिथली शेते, वस्त्या आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा दिसू लागतात. विस्थापित गावांच्या आठवणींना ठिकाण मिळवून देणारे इतके नेमके साधन दुसरे क्वचितच असेल.

सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, त्या मार्गाचा शोध घेणारे अभ्यासक आणि दर आषाढात पावनखिंडीपर्यंत चालणारे हौशी याच तावांचा आधार घेतात. सोंडा, खिंडी आणि चढउतार फारसे बदललेले नसल्याने तो आधार भूरूपांपुरता रास्त आहे; परंतु तुटक रेषेची पायवाट मोजणीच्या वर्षी वापरात होती, यापलीकडे ती काही सिद्ध करत नाही, आणि तिला महाराजांची वाट ठरवणे अडीच शतकांची उडी मारण्यासारखे आहे. मोजणीचे वर्ष तावाच्या समासात छापलेले असते. वाट शोधण्याआधी ते अवश्य पाहावे.