शेजाऱ्यांची झोप आणि गिटारचा सूर

इलेक्ट्रिक गिटार हे तसं मुकं वाद्य. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पोट असतं; ही मात्र बहुतेक वेळा भरीव लाकडाची फळी. तार छेडली तर पलीकडच्या खाटेवरच्या माणसालाही धड ऐकू जात नाही. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. तार थरथरली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उमटते, आणि ॲम्प्लिफायर तिचा आवाज करतो. म्हणजे अर्धं वाद्य हातात आणि अर्धं समोरच्या पेटीत. त्या पेटीत व्हॉल्व्ह असतील, तर वाजवणाऱ्यांचा जीव तिच्यातच अडकलेला.

व्हॉल्व्ह आमच्या पिढीला परके नाहीत. जुना रेडिओ लावला की अर्धा मिनिट वाट पाहावी लागे, मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसे आणि मग आवाज येई. ट्रान्झिस्टर आले आणि घराघरांतला तो उजेड मावळला. गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडले नाहीत. कारण असं, की व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपलीकडे रेटलं की आवाजाच्या लाटेचे माथे हळूहळू दबतात. सूर फाटतो, पण फाटताना दाट होतो, लांबतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष आहे. गिटारवाल्याला नेमका तोच हवा असतो. आमच्या गझलेतही गायकाचा आवाज एखाद्या शब्दावर किंचित चिरकतो, तेव्हाच ‘वाहवा’ येते.

अडचण इथेच सुरू होते. ॲम्प्लिफायरमधल्या शेवटच्या, ताकदवान व्हॉल्व्हना रेटायचं तर आवाजाची कळ बरीच वर न्यावी लागते. आता थोडा हिशोब बघा. गिटारचा स्पीकर केवळ १ वॅटवर, एका मीटरवर, सुमारे ९५ ते १०० डेसिबल आवाज देतो. ५० वॅट दिले की त्यात आणखी १७ डेसिबलची भर. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. ‘मग लहान ॲम्प घ्या’ असं म्हणणं सोपं आहे. पण कान वॅट मोजत नाही. १०० वॅटचे १० केले तरी आवाज कानाला जेमतेम निम्मा वाटतो.

खडकीला मोठे आवाज नवे नाहीत. ५ नोव्हेंबर १८१७ ला इथे पेशवे-इंग्रजांच्या तोफा वाजल्या, १८६९ पासून इथे दारूगोळ्याचा कारखाना आहे, सॅपर्सचे बँड आहेत, रेल्वे तर आहेच. पण बाजारातल्या आमच्या घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या. एका घरी फोडणी पडली की दुसऱ्या घरी शिंक येते. माझा भाचा दिवसभर नोकरी करतो, गिटारसाठी त्याला उरते ती रात्र. भिंतीपलीकडे काकू अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांचा मुलगा पहाटेच्या पाळीला जाणारा. ‘मामू, हळू वाजवलं तर तो आवाजच येत नाही,’ असं भाचा म्हणतो, आणि ते खरं आहे. काकूंची झोप हेही तितकंच खरं आहे. आम्हा कवींचं बरं असतं. रात्री तीनला शेर सुचला तरी पेनाचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही.

मग स्पीकरची वायरच काढून टाकली तर? हे मात्र कधीही करू नये. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. व्हॉल्व्हकडून आलेली ताकद त्याला पुढे कुणाकडे तरी सोपवायची असते. घेणारा कुणी नसेल तर ती उलटते, आतला दाब अफाट वाढतो, ठिणग्या उडतात आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून स्पीकरच्या जागी दुसरा ‘घेणारा’ बसवावा लागतो. त्याला लोड बॉक्स म्हणतात. ॲम्प्लिफायरची ताकद तो पिऊन टाकतो, आवाज न करता तिची उष्णता करतो, आणि तिचा एक चिमूटभर नमुना ध्वनिमुद्रणासाठी बाहेर देतो.

साधा लोड बॉक्स म्हणजे जाडजूड रेझिस्टन्स. पण खरा स्पीकर असा सरळ स्वभावाचा नसतो. ८ ओहमचा म्हटलेला स्पीकर खर्जातल्या एका ठिकाणी कितीतरी जास्त अडवतो, मधे शांत राहतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा अडवू लागतो. व्हॉल्व्हचा ॲम्प या लहरीपणाला साद देतो. त्याच्या आवाजातला जिवंतपणा बराचसा तिथला. म्हणून चांगल्या लोड बॉक्समध्ये कॉइल आणि कपॅसिटर घालून ही लहर मुद्दाम आणलेली असते. पैसे टाकायचे तर अशाच डब्यावर टाकावेत, असं माझं मत.

ही धडपड जुनी आहे. अमेरिकेतला टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला, पोलरॉइडमध्ये नोकरी करणारा इंजिनिअर. ‘बॉस्टन’ या त्याच्या बँडची १९७६ ची पहिली तबकडी बहुतांशी त्याच्या घराच्या तळघरात मुद्रित झाली. पुढे त्याने ‘पॉवर सोक’ नावाचा, ॲम्पची ताकद शोषणारा डबाच बाजारात आणला.

लोड बॉक्समधून निघालेला नमुना मात्र तसाच ऐकला तर गांधीलमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा वाटतो. कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो, आणि तो गाळणाराच आपण काढून घेतला. तो परत आणायची युक्ती मला फार आवडते. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की जे परत येतं, ती टाळी नसते. ती त्या इमारतीची सही असते. तसाच एक क्षणिक आवाज स्पीकरमधून काढून मायक्रोफोनने टिपायचा. स्पीकर, त्याचं लाकडी खोकं, माइकची जागा, सगळ्यांची मिळून सही तयार होते. इंपल्स रिस्पॉन्स म्हणतात तो हाच. कॉम्प्युटर ती सही गिटारच्या सुरावर उमटवतो, आणि हेडफोनमध्ये मोहोळाचा स्पीकर होतो.

भाच्याने हेच केलं. करणाऱ्यांनी चार गोष्टी जपाव्यात. ॲम्पचे आणि डब्याचे ओहम जुळले पाहिजेत. ५० वॅटचा ॲम्प पूर्ण रेटला तर ५० च्या बराच वर जातो, म्हणून डबा १०० वॅट झेपणारा हवा. मधली वायर स्पीकरचीच, जाड. गिटारची बारीक वायर चालत नाही. ती जोडल्याशिवाय ॲम्प सुरू करू नये. ॲम्पचा स्पीकरचा सॉकेट थेट कॉम्प्युटरच्या साउंड कार्डला तर लावूच नये. ५० वॅटला तिथे २० व्होल्ट असतात. आवाज दाबण्यासाठी ॲम्पवर रजई टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. व्हॉल्व्हना वारा लागतो. आवाज नसला तरी ते तितकेच तापतात.

आवाज अगदी तोच येतो का? रेकॉर्डिंगमध्ये मला तरी फरक कळत नाही. वाजवणाऱ्याला कळतो. मोठा स्पीकर हवा हलवतो, ती हवा तारांना पुन्हा थरथरवते आणि सूर हातात जिवंत राहतो. हेडफोनमध्ये ते होत नाही, आणि त्याला उपाय नाही. भाचा त्यासाठी महिन्यातून एकदा मित्रांबरोबर तासावर भाड्याने मिळणाऱ्या खोलीत जातो.

आता रात्री अकराला त्याच्या दारापाशी उभं राहिलं, तर तारांवर प्लेक्ट्रम आपटल्याची नुसती टकटक ऐकू येते. काकूंना तीही येत नाही. मी विचारून घेतलं.