शून्यावर आलेला काटा

जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर बशीच्या बुडाएवढी एक तबकडी असते, अँपिअर मीटरची. मधोमध 0, एका बाजूला 30 अधिक, दुसऱ्या बाजूला 30 उणे. कुरुळी, चिंबळी, मोई या गावांच्या पट्ट्यात कारखाने वाढत गेले, तरी मधल्या रानात नांगर धरायला आणि रस्त्याकडेने पाण्याचा टँकर ओढायला असे ट्रॅक्टर अजून जुंपले जातात. बऱ्याच जणांना वाटतं, हा अँपिअर मीटर म्हणजे बॅटरीत किती माल उरलाय ते सांगणारं यंत्र. तसं नाही. बॅटरी भरलेली आहे की रिकामी, याची त्याला कल्पनाच नसते. त्याला कळतो फक्त प्रवाह: या क्षणी बॅटरीत वीज शिरतेय की बाहेर पडतेय, आणि किती. पासबुकातली शिल्लक तो दाखवत नाही, आत्ता पैसे भरले की काढले तेवढंच दाखवतो.

यातली पहिली गंमत ट्रॅक्टर चालू करतानाच घडते. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, मारला की बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढले जातात, पण हा सगळ्यात मोठा खर्च काट्याला दिसतच नाही. सेल्फची जाड केबल बॅटरीकडून थेट जाते, मीटरला वगळून; त्यातून गेली असती तर मीटर जळाला असता. इंजिन धरलं की मात्र काटा झपकन अधिकच्या बाजूला 15-20 वर जातो आणि मग सावकाश खाली येतो.

किती वीज गेली म्हणावी? सेल्फने 300 अँपिअर 3 सेकंद ओढले असं धरा. ती होते 900 अँपिअर-सेकंद, म्हणजे पाव अँपिअर-तास. 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून फक्त पाव! एवढं मोठं डिझेल इंजिन जागेवरून हलवायचं, आणि हिशेब इतकाच. परत भरताना थोडी जास्त वीज लागते, कारण काही उष्णतेत जाते. तरी बॅटरी धड असेल तर काही मिनिटांत काटा शून्याच्या जरासा पुढे येऊन स्थिरावतो. म्हणजे चार्जिंग बंद पडलं नाही, बॅटरीला आता फारसं काही नकोय. शून्याजवळचा काटा ही उत्तम बातमी असू शकते.

असा मीटर उघडून पाहावा. आत जवळजवळ काही नसतं: पितळेची एक पट्टी, एक छोटा चुंबक, काट्याच्या बुडाशी लोखंडाचा पत्रा. चुंबक पत्र्याला शून्यावर धरून ठेवतो. पट्टीतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि पत्रा वळतो. प्रवाह उलटा झाला की तो उलट्या बाजूला वळतो. 1820 साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिस्तियान ओर्स्टेडने तारेतून वीज सोडली आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली, तेव्हा वीज आणि चुंबक यांचं नातं पहिल्यांदा नीट उघड झालं. दोनशे वर्षांनंतर तोच प्रयोग टँकर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर रोज होतो. काही जुन्या फोर्ड ट्रॅक्टरांच्या मीटरला तर तार जोडलेलीसुद्धा नसायची. ती मीटरच्या मागच्या कडीतून नुसती ओवलेली असायची, तरी काटा हलायचा!

बॅटरी भरणारी वीज बनवणारा डायनामो त्याहून अचंब्याचा. वीज निर्माण व्हायला चुंबकीय क्षेत्र हवं आणि ते क्षेत्र उभं करायला फील्ड कॉइलमध्ये वीज हवी. मग सुरुवात कुठून? मागच्या वेळी चाललेल्या डायनामोच्या लोखंडात किंचित चुंबकत्व उरलेलं असतं. आर्मेचर फिरलं की त्यावर इवलीशी वीज बनते, ती फील्डमध्ये जाऊन चुंबक बळकट करते, बळकट चुंबक जास्त वीज देतो आणि क्षणात विजेचा दाब वाढत जातो. वेर्नर झीमेन्सचं हे तत्त्व 1867 च्या जानेवारीत बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलं गेलं. डायनामो फार दिवस पडून राहिला की हे उरलंसुरलं चुंबकत्व कधीकधी जातं. मग वायरमन बॅटरीची तार फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवतो, बारीकशी ठिणगी उडते, आणि मेलेला डायनामो पुन्हा वीज द्यायला लागतो.

इंजिन हळू चालत असताना डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी असतो. तेव्हा दोघं जोडलेले राहिले तर बॅटरीच डायनामोत रिकामी होईल. म्हणून मध्ये कटआऊट असतो: रेस वाढली की त्याचे पॉइंट चिकटतात, उतरली की सुटतात. जुना ट्रॅक्टर नुसता उभा असताना काटा थोडा उणेकडे झुकला तर लगेच घाबरू नये. आधी रेस द्यावी.

खरी फसगत शून्यावरच होते. बॅटरी भरलेली असेल तरी काटा शून्याजवळ, आणि पट्टा तुटून डायनामो फिरतच नसेल, वर दिवे बंद असतील, तरीही शून्य. आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. त्यामुळे डायनामो मेला तरी ट्रॅक्टर मुकाट काम करत राहतो, दिवे बॅटरी रिकामी करत राहतात, आणि एखाद्या सकाळी सेल्फ नुसता कण्हतो. मग उतारावर लावा, नाहीतर ढकलायला चार माणसं बोलवा.

या दोन शून्यांतला फरक ओळखायची रीत सोपी आहे. इंजिनाला मध्यम रेस द्या आणि हेडलाइट लावा. 45 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर खातात. काटा क्षणभर उणेकडे जाऊन पुन्हा शून्यावर आला, तर डायनामोने भार उचलला. उणे सात-आठवरच बसून राहिला, तर दिवे बॅटरीवर चालले आहेत. पट्टा, डायनामोचे कार्बन ब्रश, मग कटआऊट या क्रमाने पाहा. उलट तासभर चालूनही काटा अधिक 15 वरून खाली येत नसेल आणि बॅटरीचं पाणी सारखं आटत असेल, तर चार्जिंगवर ताबा ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय किंवा बॅटरीचा एखादा सेल गेलाय.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर कटआऊट लागत नाही, कारण उलटा प्रवाह त्यातले डायोडच अडवतात. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल मात्र चुकूनही काढू नका, डायोड जळतात. आणि अल्टरनेटर 40 अँपिअरचा असेल तर 30 चा मीटर पुरायचा नाही. 60 चा घ्या, आणि त्याच्याकडे जाणारी तारही जाड टाका.