क्रूझ प्रवासातील बंदर-सहलींचे आरक्षण, देयक व रद्दीकरण : नांदेड-लातूर परिसरातील ग्राहकाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा क्रूझ पर्यटनाशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. तथापि सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया क्रूझेस’ने मुंबईहून देशांतर्गत सफरी सुरू केल्या, ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र शासनाने ‘क्रूझ भारत मिशन’चा प्रारंभ केला आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मुंबईकडे जाणाऱ्या थेट रेल्वेगाड्या नांदेड व लातूर या दोन्ही शहरांतून उपलब्ध आहेत. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतर जमा पुंजीतून एकदा समुद्रप्रवास करावा, हा विचार मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबासही आता अशक्य वाटत नाही. अशा प्रवासात मुख्य तिकिटाकडे लक्ष दिले जाते. बंदरावर उतरून करावयाच्या सहलींच्या अटी मात्र क्वचितच वाचल्या जातात. प्रत्यक्षात वाद उद्भवण्याची शक्यता तेथेच अधिक असते. प्रस्तुत लेखात या सहलींचे आरक्षण, देयक व रद्दीकरण यांचे स्वरूप आणि ग्राहकास उपलब्ध असलेले कायदेशीर संरक्षण यांचा विचार करण्यात आला आहे.

बंदर-सहलीचे स्वरूप :

जहाज एखाद्या बंदरात काही तास थांबते. त्या अवधीत प्रवाशांना परिसरातील स्थळे दाखविणारी सशुल्क सहल म्हणजे ‘शोअर एक्स्कर्शन’ अर्थात बंदर-सहल होय. मुंबईत उतरलेल्या प्रवाशांसाठी घारापुरीची लेणी, गोव्यात जुन्या गोव्यातील चर्च, कोचीत फोर्ट कोची ही अशा सहलींची परिचित ठिकाणे आहेत. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागू शकत नाही. लक्षद्वीपच्या बेटांवर प्रवाशांना छोट्या नौकांतून किनाऱ्यावर नेले जाते. समुद्र खवळलेला असल्यास उतरणेच रद्द होते.

या सहली दोन प्रकारे घेता येतात. पहिल्या प्रकारात जहाज कंपनीमार्फत आरक्षण होते. अशा सहलीस परतण्यास उशीर झाला तर जहाज सामान्यतः थांबते किंवा प्रवाशांना पुढील बंदरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था कंपनी करते. दुसऱ्या प्रकारात प्रवासी स्थानिक व्यावसायिकाकडे परस्पर नोंदणी करतो. येथे दर बहुधा कमी असतो. परंतु जहाज निघून गेल्यास पुढील बंदर गाठण्याचा खर्च प्रवाशालाच सोसावा लागतो. म्हणजेच दरातील फरक हा केवळ नफ्याचा फरक नसून जोखीम कोणी घ्यावयाची याचीही ती किंमत असते.

एक प्रवास, अनेक करार :

ही बाब नांदेडच्याच उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एप्रिल २०२३ मध्ये ‘भारत गौरव’ योजनेअंतर्गत अमृतसरहून निघालेली ‘गुरुकृपा यात्रा’ ही विशेष पर्यटन गाडी नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनासाठी आली होती. बिदर व पाटणा ही स्थानेही तिच्या मार्गात होती. अशा योजनेत रेल्वेप्रवास, मुक्काम, भोजन आणि स्थलदर्शन हे एकाच मूल्यात व एकाच करारात समाविष्ट असते. गाडीस विलंब झाला तर पुढील दर्शनाचे नियोजन बदलण्याची जबाबदारी आयोजकावरच राहते.

याउलट, नांदेडहून मुंबईस जाऊन जहाजात बसणारा प्रवासी किमान तीन स्वतंत्र करार करतो : पहिला रेल्वेशी, दुसरा जहाज कंपनीशी आणि तिसरा सहलीच्या आयोजकाशी. हे करार परस्परांना बांधील नसतात. गाडीस तीन तासांहून अधिक विलंब झाल्याने प्रवास न केल्यास रेल्वे नियमानुसार तिकिटाची पूर्ण रक्कम परत करते. पण त्यामुळे चुकलेल्या जहाजाची किंवा सहलीची भरपाई ती करीत नाही. जहाज कंपनीच्या दृष्टीने असा प्रवासी केवळ ‘अनुपस्थित’ ठरतो. म्हणून जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचणे हा वरवर अनावश्यक वाटणारा खर्च वस्तुतः तीन करारांना जोडणारा दुवा आहे.

आरक्षण व देयक :

सहलीचे आरक्षण प्रवासापूर्वी संकेतस्थळावर, प्रवास-प्रतिनिधीमार्फत अथवा जहाजावरील कक्षात करता येते. आगाऊ आरक्षणाने जागा निश्चित होते. मात्र आरक्षणापूर्वी जहाजाच्या थांब्याचा वार व वेळ पडताळणे अगत्याचे आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात; सोमवारी येणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाने हे न पाहता परस्पर नोंदणी केल्यास तो दोष आयोजकाच्या माथी मारणे कठीण जाते.

परदेशी मार्गांवर दर बहुधा डॉलरमध्ये असतात. कार्डाने रक्कम देताना बँक चलनबदलाचे शुल्क आकारते आणि परतावा मिळताना त्या दिवसाचा विनिमय दर लागू होतो. त्यामुळे ‘पूर्ण परतावा’ मिळूनही रुपयांत रक्कम कमी भरू शकते. काही कंपन्या परतावा रोख न देता जहाजावरच खर्च करता येईल अशी जमा म्हणून देतात. ही अट आरक्षणाच्या वेळीच पाहावी. तसेच परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून विक्रेत्यास स्रोतावर कर गोळा करावा लागतो. हा कर प्राप्तिकर विवरणपत्रात वजा मागता येतो, म्हणून त्याची नोंद असलेले बिल जपून ठेवणे आवश्यक ठरते.

रद्दीकरण : तीन भिन्न परिस्थिती :

रद्दीकरणाचा विचार करताना ते कोणी केले हा प्रश्न मूलभूत आहे. प्रवाशाने स्वतः रद्द केल्यास अटीतील मुदत निर्णायक ठरते. सहलीपूर्वी २४ ते ४८ तासांपर्यंत विनाशुल्क रद्दीकरण ही प्रचलित पद्धत असली, तरी विमान, हेलिकॉप्टर अथवा मुक्काम अंतर्भूत असलेल्या सहलींसाठी मुदत बरीच आधी संपते. आयोजकाने सहल रद्द केल्यास रक्कम परत करणे हे त्याचे कर्तव्य होय. तिसरी परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. हवामानामुळे जहाजाने बंदरच वगळले, तर जहाज कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे सामान्यतः परत मिळतात. परस्पर घेतलेल्या सहलीच्या आयोजकाने मात्र बस व मार्गदर्शक तयार ठेवलेला असतो. अशा वेळी ‘जहाज न आल्यास पूर्ण परतावा’ ही अट लेखी असेल तरच प्रवाशाची बाजू भक्कम राहते.

कायदेशीर संरक्षण :

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी ठरविलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच देय ठरते. उदाहरणादाखल, दोन व्यक्तींच्या सहलीचे ८,००० रुपये घेतले गेले आणि रद्दीकरणामुळे आयोजकाचे वास्तविक नुकसान १,५०० रुपयांचेच झाले, तर संपूर्ण रक्कम जप्त करण्याचे समर्थन करणे त्याला अवघड जाईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये नुकसानीच्या तुलनेत सर्वस्वी विषम असा दंड लादणाऱ्या कराराचा समावेश ‘अनुचित करारा’त केला आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा यांविषयीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते.

ई-वाणिज्य नियम, २०२० अन्वये विक्रेता स्वतः एकतर्फी रद्दीकरण केल्यास तेवढाच भुर्दंड सोसणार नसेल, तर त्याला ग्राहकाकडून रद्दीकरण शुल्क घेता येत नाही. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे गृहीत धरण्यासही या नियमांत मनाई आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनेचे १३ प्रकार नमूद आहेत. ग्राहकाच्या नकळत विमा वा सहल खरेदीत जोडणे आणि अखेरच्या टप्प्यावर दर वाढविणे हे त्यांपैकी होत.

नांदेड-लातूरच्या ग्राहकासाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद कलम ३४ मध्ये आहे. १९८६ च्या कायद्यानुसार तक्रार प्रामुख्याने विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी अथवा वादाचे कारण घडले तेथे दाखल करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तक्रारदार जेथे राहतो वा उपजीविका करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. अर्थात, भारतात कार्यालय वा मालमत्ता नसलेल्या परदेशी आयोजकाविरुद्ध आदेश मिळाला तरी त्याची अंमलबजावणी कठीण असते. म्हणून भारतात नोंदणीकृत प्रतिनिधीमार्फत आरक्षण करून त्याच्याच नावाची पावती घेणे हितावह होय. पावतीवर प्रतिनिधी, जहाज कंपनी व स्थानिक आयोजक यांपैकी जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट नमूद असावे.

समारोप :

बंदर-सहलीची किंमत एकूण प्रवासखर्चाच्या मानाने लहान असते, म्हणूनच तिच्या अटींकडे दुर्लक्ष होते. वरील विवेचनावरून असे दिसून येते की, नुकसान कोणी सोसावयाचे हे रद्दीकरणाच्या दिवशी नव्हे, तर आरक्षणाच्या क्षणीच ठरत असते. कायद्याने ग्राहकाच्या दारापर्यंत न्याय आणला असला, तरी त्यासाठी पावती, अटींची प्रत आणि पत्रव्यवहार हा पुरावा ग्राहकाजवळ असावा लागतो. वाणिज्य, विधी व पर्यटन या विषयांच्या अध्यापनात अशा एखाद्या प्रत्यक्ष अटीपत्राचे वर्गात वाचन करून घेतल्यास, करार कायद्यातील कलमे विद्यार्थ्यांना पाठ करण्याचा मजकूर न वाटता कुटुंबाच्या उपयोगी पडणारे ज्ञान वाटेल.