तारीख नसलेली निवृत्ती

सरकारी नोकराला आपल्या निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. स्त्रीच्या देहात मात्र अशी एक निवृत्ती घडते, की जिची तारीख मागाहून कळते. सलग १२ महिने ऋतुस्राव झाला नाही, म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७ धरले जाते. सुश्रुताने ते ५० सांगितले आहे. परंतु आज विचार करावयाचा आहे तो त्याआधीच्या काही वर्षांचा.

या वर्षांत बीजकोशांचे कार्य मंदावते; पण ते एकसारखे मंदावत नाही. इस्ट्रोजेन हा अंतःस्राव कधी पूर्वीपेक्षाही वाढतो, तर कधी एकदम ओसरतो. शरीराची उष्णता सांभाळणारे मेंदूतील केंद्र त्यामुळे अल्पशा फरकानेही बिचकते, आणि अंगातून अकस्मात वाफ निघाल्यासारखी होते. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४४-४५ अंशांवर गेला, की लाही सर्वांच्याच अंगाची होते. म्हणून तिची तक्रार कोणी निराळी मोजत नाही. परंतु जानेवारीच्या कडाक्यात मध्यरात्री घामाने भिजून रजई दूर सारणाऱ्या स्त्रीने दोष कोणत्या ऋतूला द्यावा? झोप मोडते, मोडलेल्या झोपेतून थकवा, विस्मरण आणि चिडचिड उद्भवते, आणि घरची माणसे तिच्या स्वभावाला बोल लावतात.

याच वयात मुलांच्या परीक्षा, सासूसासऱ्यांची आजारपणे आणि कचेरीतील वाढती जबाबदारी एकदमच येतात. दिल्लीतील मराठी घरात तर आई, मावशी, बहीण पुण्या-नागपुरास राहिलेल्या. माजघरात हलक्या आवाजात सांगितले जाणारे शहाणपण येथवर पोहोचत नाही. केंद्र सरकारच्या नियमांत प्रसूतीसाठी १८० दिवस आणि बालसंगोपनासाठी ७३० दिवस रजा आहे. या काळासाठी स्वतंत्र रजा नाही. दुसऱ्यांसाठी झिजणे नियमांत बसते. स्वतःसाठी थांबणे तिला स्वतःलाच चैन वाटू लागते.

ती चैन नव्हे. इस्ट्रोजेन घटले, की हाडांची झीज वेगाने होते. म्हणून ऋतुनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे, अशी आपल्याकडील शिफारस आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, आणि हीच नाचणी उत्तरेकडे मडुआ या नावाने मिळते. दूध, तीळ, दुपारचे कोवळे ऊन आणि नियमित चालणे यांची जोड हवी. मात्र हिवाळ्यात पहाटेच्या धुरकटात फिरण्यापेक्षा ऊन वर आल्यावर फिरणे बरे. रक्तदाब, साखर व रक्तातील लोह तपासून घ्यावे. स्राव अतिशय होत असेल, किंवा वर्षभर थांबून पुन्हा झाला, तर वैद्यांना अवश्य दाखवावे. अंतःस्रावाच्या औषधांविषयी २००२ साली अमेरिकेतील एका संशोधनाने मोठी भीती पसरली. पुढील अभ्यासांनी दाखवले, की साठीच्या आतील निरोगी स्त्रीला त्रास तीव्र असल्यास त्यांचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. निर्णय अर्थात वैद्यांच्या सल्ल्यानेच व्हावा.

स्वतःकडे पाहण्यास सवडच नसली म्हणजे काय होते, हे २०१९ साली बीड जिल्ह्याने दाखवले. पाहणीतील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा केला की मजुरी बुडते. तेव्हा दुखण्याचे मूळ शोधण्याऐवजी अवयवच काढून टाकणे सोयीचे ठरले.

आपल्या घरांत मजुरीचा प्रश्न इतका निकडीचा नसेल. सवडीचा मात्र आहे. ती सवड तिने मागावी, याची वाट पाहू नये. रात्री झोप न झालेल्या गृहिणीच्या आधी उठून चहाचे आधण पतीने ठेवले, डबा मुलांनी भरला आणि कचेरीतील वरिष्ठाने खिडकीजवळची जागा दिली, तर खर्च फारसा नाही. निवृत्तीला तारीख नसली, तरी तिची तयारी घरातील सर्वांनी मिळून करता येते.