नाव परत मिळाले, मताचा हिशेब बाकी आहे

मुलाचे नाव ठेवणे ही आपल्या घरांत लहानसहान गोष्ट नसते. अर्थ काय, आजोबांच्या नावाशी जुळते का, नानीला म्हणता येईल का, यावर चर्चा झडतात. सातव्या दिवशी अकीका होतो. तेच नाव पुढे शाळेच्या हजेरीपटावर येते, निकाहनाम्यावर येते आणि शेवटी कबरीवर लागते. एका सरकारने काही महिन्यांत लाखो मुसलमानांची नावे बदलून टाकली असे कुणी सांगितले, तर ती फार जुन्या जमान्यातली कथा वाटेल. पण ही घटना युरोपातल्या बल्गेरियाची आहे आणि ती १९८४-८५ची आहे. आमची पिढी तेव्हा पाटी-पेन्सिल हाती धरायला शिकत होती.

ज्यांची नावे हिरावली, त्याच लोकांना पाच वर्षांनी खुल्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला. त्यांनी पक्ष उभा केला, खासदार निवडून आणले, सरकारे बनवली आणि पाडली. पस्तीस वर्षांनंतर तो पक्ष दोन तुकड्यांत विभागला गेला. मताला अमानत मानणाऱ्या प्रत्येक घराने हा प्रवास समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

नावे पुसली गेली तेव्हा

बल्गेरिया तुर्कस्तान आणि ग्रीसच्या शेजारचा देश. जवळपास पाचशे वर्षे तो उस्मानी सल्तनतीत होता. ती राजवट १८७८ मध्ये संपली, पण मुसलमान वस्ती तिथेच राहिली. आज लोकसंख्या सुमारे पासष्ट लाख आणि त्यात मुसलमान दहा टक्क्यांच्या आसपास. बहुतेक तुर्की बोलणारे, काही बल्गेरियन भाषाच बोलणारे पोमाक, तर काही रोमा समाजातले. दक्षिणेतला कर्जालीचा डोंगराळ, तंबाखू पिकवणारा भाग आणि ईशान्येकडचे राझग्राद, शुमेन हे त्यांचे मुख्य जिल्हे. शुमेनची तोंबुल मशीद १७४४ची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कम्युनिस्टांची एकपक्षीय सत्ता आली. तोदोर झिव्कोव्ह १९५४ पासून पक्षाचे सर्वेसर्वा होते. सत्तरीच्या दशकात आधी पोमाकांची नावे बदलली. मग १९८४च्या हिवाळ्यात तुर्कांची पाळी आली. गावांना वेढा पडे, माणसांना सरकारी कचेरीत उभे करून नवे स्लाव्ह नाव घ्यायला लावत आणि नवे ओळखपत्र हातात देत. सुमारे आठ लाख लोकांची नावे अशी बदलली. रस्त्यात तुर्की बोलल्यास दंड होऊ लागला, खतन्यावर बंदी आली. गेलेल्या आई-वडिलांची नावेसुद्धा नोंदवह्यांतून बदलण्यात आली. मोगिल्याने गावात लोक निषेधासाठी जमले तेव्हा गोळीबार झाला आणि तुर्कान नावाची दीड वर्षाचीही न झालेली मुलगी मारली गेली. तिच्या स्मरणार्थ तिथे पाण्याचा झरा बांधला आहे. दर डिसेंबरला लोक तिथे जमतात.

जगाला ही गोष्ट कळली ती एका वेटलिफ्टरमुळे. नईम सुलेमानोव्हला सरकारने 'नाउम शालामानोव्ह' केले होते. १९८६ मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून तो निसटला, तुर्कस्तानात गेला आणि नईम सुलेमानोग्लू या नावाने १९८८, १९९२ आणि १९९६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली.

बाकीच्यांना निसटायला जागा नव्हती. मे १९८९ मध्ये तुर्क गावांत निदर्शने सुरू झाली, तेव्हा सरकारने सरहद्द उघडून 'जा' म्हटले. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत सुमारे ३ लाख ६० हजार माणसे घरदार, गुरे, उभी पिके सोडून तुर्कस्तानात गेली. त्यांतली बरीच पुढे परत आली. जानेवारी २०१२ मध्ये बल्गेरियाच्या संसदेने ठराव करून या सगळ्याचा निषेध केला आणि १९८९ची हकालपट्टी हा वांशिक शुद्धीकरणाचाच प्रकार होता असे मान्य केले. आपल्या चुकीची अशी कबुली देणाऱ्या संसदा थोड्याच असतात, हेही नमूद केले पाहिजे.

सात मते लागत होती, सहा पडली

१० नोव्हेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, झिव्कोव्ह सत्तेवरून गेले. डिसेंबर संपता संपता नावे परत देण्याचा निर्णय झाला आणि ४ जानेवारी १९९० रोजी 'हक्क आणि स्वातंत्र्य चळवळ' हा पक्ष स्थापन झाला. त्याचे नेते अहमद दोगान नामांतराविरुद्ध भूमिगत काम केल्याबद्दल तुरुंगात होते, ते नुकतेच सुटले होते. जून १९९०च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत चारशे जागांच्या सभागृहात पक्षाचे २३ जण निवडून आले.

पण १९९१च्या नव्या राज्यघटनेने वंश किंवा धर्माच्या पायावर पक्ष काढण्यास मनाई केली आणि विरोधकांनी लगेच हा पक्ष घटनाबाह्य ठरवावा म्हणून घटना न्यायालयात धाव घेतली. एप्रिल १९९२ मध्ये निकाल लागला. बंदीसाठी बारापैकी सात न्यायाधीशांची मते लागत होती, सहाच पडली. एका मताने पक्ष वाचला. पक्षाची भूमिका होती की आमची दारे सर्व नागरिकांना खुली आहेत आणि आमची मागणी समान हक्कांची आहे.

तोवर पक्षाचे वजनही वाढले होते. ऑक्टोबर १९९१ मध्ये संसदेच्या २४० जागांपैकी लोकशाहीवाद्यांना ११० आणि पूर्वीच्या कम्युनिस्टांना १०६ मिळाल्या. उरलेल्या २४ या पक्षाच्या. कुणालाच त्यांच्याशिवाय बहुमत जमत नव्हते. ज्यांना काल स्वतःच्या नावाने सही करता येत नव्हती, त्यांच्या हातात आज सरकारची किल्ली होती. २००१ मध्ये तर या पक्षाचे मंत्री झाले.

त्याच काळात जवळच्या बोस्नियात मुसलमानांचे शिरकाण चालू होते. बल्गेरियात तसे घडले नाही. इतका अन्याय सोसलेल्या समाजाने हत्यार उचलले नाही, मतपत्रिका उचलली. याचे श्रेय या पक्षाला आणि सामान्य मतदाराला द्यायलाच हवे.

खात्रीची मते

मग बिघडले कुठे?

आपल्याकडे एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येतो. तिथे पक्षाला देशभर मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, फक्त किमान चार टक्के मते लागतात. एकगठ्ठा मते असलेल्या लहान समाजाला ही पद्धत सोयीची. पण मते खात्रीची झाली की ती मागण्यासाठी कष्ट करावे लागत नाहीत. २००५ मध्ये 'अताका' हा तुर्क आणि रोमाविरोधी पक्ष संसदेत आला. मे २०११ मध्ये त्याचे कार्यकर्ते सोफियाच्या बान्या बाशी मशिदीसमोर जुम्याच्या नमाजींवर चालून गेले, जानमाजे जाळली. अशा वेळी माणूस भीतीपोटी आपल्याच पक्षाकडे धावतो, आणि भीतीने दिलेल्या मताचा कुणी हिशेब मागत नाही.

हिशेब मागण्यासारखे पुष्कळ होते. तंबाखूवर जगणाऱ्या भागातली तरुण मुले कामासाठी पश्चिम युरोपात गेली, गावे म्हाताऱ्यांची झाली. तुर्की भाषा शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मिळाली, पण ती शिकणारी मुले वर्षागणिक घटत गेली. उर्दूचा वर्ग भरावा म्हणून दरवर्षी दारोदार फिरणाऱ्या आम्हा शिक्षकांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. निवडणुकीचा प्रचार फक्त बल्गेरियन भाषेतच करावा, हा कायदाही तसाच राहिला. तुर्कीत प्रचार केला म्हणून पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष ल्युत्वी मेस्तान यांना दंड झाला होता. त्यांना न्याय मिळाला तो मे २०२३ मध्ये, स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात. पक्ष इतकी वर्षे सत्तेच्या आत-बाहेर होता, पण आजीला तिच्या भाषेत उमेदवाराचे बोलणे ऐकता यावे एवढे त्याच्याने झाले नाही.

याच काळात नेते मात्र बदलत गेले. जून २०१३ मध्ये पक्षाचे खासदार आणि माध्यमसम्राट देल्यान पेयेव्स्की यांना अचानक राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख नेमले गेले. त्याच संध्याकाळी हजारो लोक सोफियाच्या रस्त्यावर आले आणि नेमणूक मागे घ्यावी लागली. जुलै २०२० मध्ये माजी न्यायमंत्री ह्रिस्तो इवानोव्ह बुर्गासजवळच्या सार्वजनिक किनाऱ्यावर होडीतून उतरले. तो किनारा दोगान यांच्या आलिशान बंगल्यापुढचा होता. पहारेकऱ्यांनी त्यांना ढकलून मागे लावले आणि ते पहारेकरी सरकारी पगारावरचे निघाले. देशभर महिनोन् महिने निदर्शने झाली. समाजाच्या नावासाठी तुरुंगात गेलेला माणूस आणि हा बंगला, यांमधले अंतर कुठल्याही विरोधकाने वाढवून सांगायची गरज नव्हती.

साडेतीन वर्षांत सात निवडणुका

त्या निदर्शनांनंतर जुनी गणिते मोडली. एप्रिल २०२१ ते ऑक्टोबर २०२४ या काळात बल्गेरियात संसदेच्या सात निवडणुका झाल्या. तिथे राष्ट्राध्यक्ष सरकार बनवण्याची संधी तीनदा देतात. आधी सर्वांत मोठ्या पक्षाला, मग दुसऱ्याला, मग आपल्या पसंतीच्या तिसऱ्याला. तिघांनाही जमले नाही तर संसद बरखास्त होते आणि काळजीवाहू सरकार येते. लोक कंटाळले. पहिल्या फेरीत जवळपास निम्म्यांनी मतदान केले होते, जून २०२४ मध्ये ते एक तृतीयांशावर आले. लोक घरी बसले की विकत घेतलेल्या मतांचे वजन वाढते, आणि अशी मते घेण्याच्या तक्रारी गरीब वस्त्यांतूनच जास्त येतात.

२०२४ मध्ये पेयेव्स्की आणि दोगान यांच्यात फूट पडली. पेयेव्स्की तुर्क समाजातले नाहीत आणि भ्रष्टाचाराच्या आरोपावरून अमेरिकेने २०२१ पासून त्यांच्यावर निर्बंध लादले आहेत, जे आरोप ते नाकारतात. ऑक्टोबरच्या निवडणुकीत एकाच पक्षाच्या दोन याद्या समोरासमोर उभ्या होत्या. पेयेव्स्कींच्या गटाला ३० आणि दोगान यांच्या गटाला १९ जागा मिळाल्या. एकाच घरातली मते पहिल्यांदाच दोन दिशांना गेली.

त्याच निवडणुकीत एका छोट्या पक्षाची चार टक्क्यांची अट फक्त २१ मतांनी हुकली. तक्रारी झाल्या, फेरमोजणी झाली आणि मार्च २०२५ मध्ये घटना न्यायालयाने १६ खासदारांची निवड रद्द केली. तो छोटा पक्ष संसदेत आला. एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. एका वाड्यातली माणसे त्याहून जास्त असतात.

बल्गेरियाच्या मुसलमानांची चूक काढायला आम्ही बसलेलो नाही. जे त्यांनी सोसले ते आपण सोसलेले नाही, आणि संकटात एकत्र राहणे ही त्यांची ताकदच होती. पण एकत्र राहणे वेगळे आणि विचारणे सोडून देणे वेगळे. अमानत सोपवली की तिची विचारपूस करण्याचा हक्क संपत नाही. ज्याच्या हाती ती दिली तो आपला असेल, तर उलट विचारणे सोपे जायला हवे. शाळेचे काय केले, रोजगाराचे काय, आमच्या भाषेचे काय, हे प्रश्न आपल्या माणसाला विचारल्याने समाज फुटत नाही. कर्जालीच्या घरांत असे प्रश्न आता एकाच दस्तरखानावर बसून, वेगवेगळ्या बाजूंनी विचारले जात असतील. त्यांना त्यांची नावे परत मिळाली आहेत. त्या नावाने दिलेल्या मताची किंमतही त्यांना पुरेपूर मिळो, एवढीच दुआ.