कंबर 28

यंदाच्या हनुमान जयंतीला आमच्या व्यायामशाळेतल्या मारुतीला शेंदूर लागला नाही. मारुती आधीच शेजारच्या मंडळाच्या खोलीत हलवला होता. चाळ पाडून टॉवर उभा राहणार आहे आणि नकाशात आमच्या जागेवर 'फिटनेस झोन' असं लिहिलेलं आहे. सामान न्यायला भंगारवाला येतोय असा जुन्या मित्राचा फोन आला, तशी मी डोंबिवलीहून लालबाग गाठलं. मला फक्त सरांची वही हवी होती.

वही हवीशी वाटण्याचं कारण महिनाभरापूर्वी घडलं होतं. साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा वजनं उचलावीत म्हणून मी घराजवळच्या एका जिममध्ये गेलो. तिथल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या ट्रेनरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "अंकल, तुम्ही खूप लीन आहात. आधी बारा आठवडे बल्क करू, मग कट करू." म्हणजे आधी दहा किलो फुगायचं आणि मग उपाशी राहून त्यातले आठ उतरवायचे. हे ऐकून मला आमचे सर आठवले. ते असते तर त्या पोराला आधी शंभर बैठका मारायला लावल्या असत्या आणि मग 'बल्क' म्हणजे काय ते विचारलं असतं.

तालमींचा इतिहास मी इथे सांगत बसत नाही. युजेन सँडो 1904-05 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, 1952 साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं आणि त्याच वर्षी मनोहर ऐच मिस्टर युनिव्हर्स झाले. हे सगळं प्रत्येक व्यायामशाळेच्या स्मरणिकेत अध्यक्षांच्या मनोगतानंतर छापलेलं असतं. ती पानं मी कधीच धड वाचली नाहीत. माझा इतिहास 1986 ला सुरू होतो आणि 1995 ला संपतो.

गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. तो मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. वडील घरी बसले आणि आईने खानावळ चालवायला घेतली. मी व्यायामशाळेत गेलो तेव्हा माझं वजन 49 किलो होतं, दंड साडेदहा इंच आणि कंबर 27. दंड-कंबरेचे आकडे मला पाठ आहेत, कारण सरांनी ते माझ्यासमोर वहीत लिहिले होते. उभे रकाने पाचच: दंड, छाती, कंबर, मांडी, पोटरी. मापं वर्षातून एकदा, हनुमान जयंतीच्या सकाळी. मध्येच कुणी टेप मागितली तर सर म्हणत, "भात शिजतोय, सारखं झाकण काढू नकोस."

नियम एकच होता. दंड वाढला आणि कंबर तशीच राहिली तर पाठीवर थाप. दंड वाढला, पण कंबरही वाढली, तर शाबासकी नाही. उलट महिनाभर दोरीवरच्या उड्या. वजनकाट्याला सर विचारतच नसत. काटा अंगावर काय चढलं ते सांगत नाही, किती चढलं तेवढंच सांगतो. टेप दोन्ही सांगते.

आज हे सगळं शास्त्राने समजावून सांगता येतं. शरीर एका मर्यादेपलीकडे स्नायू बांधू शकत नाही. नवशिक्याचे पहिल्या वर्षी काही किलो वाढतात, पुढे ती वाढ आटत जाते. रोजच्या गरजेपेक्षा दोन-तीनशे कॅलरी जास्त मिळाल्या तर त्या कामी येतात. त्याहून खूप जास्त खाल्लं तर उरलेलं पोटावर जमा होतं, कारण स्नायूंची वाढ खाण्याच्या वेगाने होत नाही. 2018 मध्ये 49 प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोमागे रोज 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घेतली की त्यापुढे सरासरीने फारसा फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभरेक ग्रॅम. आमच्याकडे भिजवलेले हरभरे होते, शेंगदाणे होते, सुके बोंबील होते आणि खानावळीतली उरलेली आमटी. अंडी दोन, तीही पगारवाल्या मामाने पैसे दिले तर.

बारवर वजन चढायचं तेही सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेटांनी. आठाचे बारा फेरे नीट निघाले की मगच पुढची प्लेट. कधी महिना लागे, कधी तीन. नऊ वर्षांत माझं वजन 62 झालं, दंड 14, कंबर 28. पहिल्या वर्षी चार किलो वाढले होते, शेवटच्या वर्षी जेमतेम अर्धा.

इथे मला एक कबूल करायला हवं. आम्ही सावकाश वाढलो त्यात संयम किती आणि कडकी किती, हे आता वेगळं काढता येत नाही. बल्क करायला आधी भरपूर खायला लागतं. आईच्या पंगतीत पहिले मेंबर जेवायचे, मग वडील, मग मी. सरांचा कंबरेचा नियम पाळणं आम्हाला फार जड गेलं नाही.

जड गेलं ते 1988. त्या सप्टेंबरात सोलला बेन जॉन्सनचं सुवर्णपदक स्टॅनोझोलोल या स्टिरॉइडपायी काढून घेतलं गेलं. सरांनी पेपरचं कात्रण आरशाशेजारी खळीने चिकटवलं. त्याच वर्षी पंजाबच्या प्रेमचंद डेग्रांनी मिस्टर युनिव्हर्सचा किताब आणला, त्यांचा फोटो आम्ही पोरांनी आरशाच्या दुसऱ्या बाजूला लावला. दोन्ही कागदांच्या मध्ये आमची छबी दिसायची. आमच्यातल्या एकाने त्या दोन कागदांतून भलताच अर्थ काढला आणि 'कोर्स' केला. गोळ्या होत्या, पुढे सुयाही आल्या. चार महिन्यांत 61 चा 72. गणपतीतल्या श्री स्पर्धेत त्याला पहिला नंबर दिला आणि मला पाचवा. परीक्षकांपैकी एकाने मला स्टेजमागे गाठून सांगितलं, "कटिंग चांगलंय रे, पण तुझ्यात मास नाही." तो परीक्षक स्वतः धाप लागल्याशिवाय स्टेजची पायरी चढू शकत नव्हता. पस्तीस वर्षं झाली, हे छापायची संधी मी सोडणार नव्हतो. ज्याने कोर्स केला तो वर्षभरात पुन्हा 63 वर आला आणि व्यायामशाळेत दिसेनासा झाला. सरांनी वहीतलं त्याचं नाव खोडलं नाही. रकाने मात्र रिकामे राहिले.

त्यानंतरच्या काळाबद्दल लिहावंसं मला काही वाटत नाही. नोकरी, लग्न, डोंबिवली. 2007 ला 'ओम शांती ओम' आला, 2008 ला 'गजनी', आणि लोक पोटावरचे चौकोन मोजायला लागले. डबे आले, पावडरी आल्या, काचा आल्या. पोरांना आता रोज माप हवं असतं, घड्याळावर आणि फोनवर. झाकण उघडंच असतं.

परवा भंगारवाल्याची वाट पाहत व्यायामशाळेत वही चाळत बसलो होतो. 1989 पासून माझ्या पानावर दर वर्षी एकच शेरा: उजवा दंड डाव्यापेक्षा पाव इंच कमी, आणि पुढे सरांच्या तिरक्या अक्षरात 'उजवा आळशी'. त्यापायी मी सहा वर्षं उजव्या हाताने डंबेलचे दहा फेरे जास्त मारले आहेत. आपला उजवा हात कामचुकार आहे हे मी लग्नानंतर बायकोलाही सांगितलं होतं.

भंगारवाल्याने प्लेटा एकेक करून काट्यावर ठेवायला घेतल्या. आमच्या मोठ्या बारला वीस-वीसच्या दोन प्लेटा कायम लावलेल्या असायच्या, त्या कधी कुणी काढल्या नाहीत. गंजून बारलाच धरल्या होत्या. हातोड्याने ठोकून त्या सुटल्या. खिडकीकडची वीस भरली. आरशाकडची, म्हणजे बाकावर आडवं झालं की माझ्या उजव्या हाताला येणारी, साडेअठरा.

भंगारवाल्याने दोन्हींचा भाव एकच लावला.