साडेपाचाच्या आत

पहाटे ४.४५. वहीत सगळ्यात खालची ओळ मी आधी लिहिते: ५.३०, शेवटचा माणूस जहाजावर. मग तिथून वर चढत जायचं. मुरगाव बंदराचं फाटक ४.१५. कुठ्ठाळीचा नाका ३.२०. जुनं गोवं सोडायचं २.३०. सकाळची निघायची वेळ सगळ्यात शेवटी ठरते. सोळा वर्षं जहाजांच्या पाहुण्यांना गोवा दाखवते आहे. एका दिवसात काय काय बघून होईल, असं सगळे विचारतात, पण हिशेब परतीपासूनच मांडावा लागतो. जहाज सहाला सुटतं आणि अर्धा तास आधी शिडी काढायची तयारी सुरू होते. बोटीवरून आखलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थोडं थांबतंही, पण स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. त्यांना पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठावं लागतं, आणि आजच्या जहाजाचं पुढचं बंदर कोची आहे.

वाट गोल आखायची आणि लांबचं ठिकाण आधी उरकायचं. म्हणजे दुपार कलते तसे आपण बंदराच्या जवळ येत जातो. आज आधी फोंड्याची मसाल्याची बाग, मग मंगेशी, मग जुनं गोवं. तीनच. पणजीतलं फोंतेन्हास मला फार आवडतं, तरी ते यात घालत नाही. त्या गल्ल्यांतून रमतगमत चालायचं असतं, आणि वीस मिनिटांत तिथं रंगीत भिंतींपुढे फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही.

६.३०. सडा चढून खाली बघितलं तर जहाज ब्रेकवॉटरच्या आत शिरत होतं. जुवारी इथं समुद्राला मिळते. कोळशाचे आणि लोहखनिजाचे धक्के या बंदराचे जुने, त्यांच्या पलीकडे प्रवासी जहाजांची जागा. नाक्यावर पातळ भाजी-पाव आणि चहा घेतला. आता दुपारपर्यंत पोटात काही जाणार नाही.

८.१०. माझ्या बसच्या चाळीस पाहुण्यांपैकी अकराच खाली उतरलेत. हे या प्रवाशांचं भारतातलं पहिलं बंदर, त्यामुळे प्रत्येकाचा पासपोर्ट, व्हिसा, बोटांचे ठसे. त्याला घाई करता येत नाही, म्हणून वहीतल्या या ओळीला मी नेहमी पाऊण तास जादा देते.

रांगेतून एक वयस्कर बाई काठी टेकत थेट माझ्याकडे आल्या. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं असणार.

“मराठी ना तू? मंगेशीला किती वेळ आहे गं?”

“चाळीस मिनिटं, काकू.”

“मंगेश आमचा कुलस्वामी. एकावन्न वर्षं इंग्लंडात झाली. यजमान असते तर विमानानं आलो असतो, निवांत राहिलो असतो. आता मुलीबरोबर अशी आले. अभिषेक होईल का?”

चाळीस मिनिटांत अभिषेक होत नाही. मागे त्यांची मुलगी उभी होती. ती म्हणाली, “आई, सगळ्यांची ट्रिप आहे ही.” काकू गप्प झाल्या.

मी मंगेशीच्या ओळखीच्या पुजाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, अकरापर्यंत पोचा, पुढे महानैवेद्याची गडबड सुरू होते. आता वेळ कुठून काढायचा? शेवटाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. बागेतली पंचवीस मिनिटं काढली, काजूच्या दुकानाचा थांबा पुसला, जेवण मंगेशीच्या नंतर नेलं. चालकांना सांगितलं. ते म्हणाले, “ताई, काजूवाल्याचं मी बघतो.”

८.५०. बस सुटल्याबरोबर माझं पहिलं वाक्य घड्याळाचं असतं. हे जहाज मालदीवहून आलंय. तिथलं घड्याळ आपल्यामागे अर्धा तास, आणि जहाजावर ते कधी बदलतात, कधी नाही. समुद्रात बऱ्याच जणांचे फोनही विमान मोडवर असतात, मग तेही जुनीच वेळ दाखवतात. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी “अडीचला बसपाशी या” एवढंच सांगितलं होतं. दहा जण अगदी वेळेवर आले, पण त्यांच्या घड्याळात अडीच होते आणि माझ्या घड्याळात तीन. त्या दिवशी शिडीपाशी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. चूक माझीच होती. तेव्हापासून बसमध्ये सगळ्यांना मनगट वर करायला सांगते आणि चाळीस घड्याळं एकाच वेळेवर आणते.

९.२०. कुठ्ठाळी. एरवी इथं मी नव्या जुवारी पुलाचे उंच खांब दाखवते. आज माइक हातात घेऊन काकूंसाठी आधी मराठीत बोलले, मग तेच बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं. मंगेशाचं मूळ ठाणं हे. कुशस्थळी म्हणजेच आजची कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा १५६० साली भक्तांनी लिंग उचललं आणि नदीपलीकडे प्रियोळला नेलं. तो मुलूख पोर्तुगिजांच्या हाताबाहेर होता. आपण आता निघालोय ते त्याच ठिकाणी. काकू सीटला धरून उठल्या, खिडकीकडे वळून हात जोडले आणि बस वेर्ण्याकडे वळेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मुलीनं त्यांना मागून धरलं होतं.

९.५५. बोरीचा पूल ओलांडून बागेत. पंचेचाळीस मिनिटांत सगळी बाग होत नाही, म्हणून दोनच झाडं. मिरीचा वेल, आणि जायफळ. जायफळाचं पिवळट फळ पिकून मधोमध उकललेलं होतं. मी ते हातावर घेऊन दोन फाका केल्या. आत चकचकीत काळपट तपकिरी बी, आणि तिला जाळीसारखी घट्ट बिलगलेली लालभडक जायपत्री. ओली असताना ती नखानं सोलते, किंचित चिकट लागते, आणि वास बोटांना दुपारपर्यंत राहतो. दोन मसाले एकाच फळात, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. मग विचारते, यातलं काय इथलं आणि काय बाहेरचं? मिरी इथल्याच सह्याद्रीतली, तिच्या ओढीनंच जहाजं आली. मिरची, काजू आणि अननस मात्र पोर्तुगीज जहाजांतून अमेरिका खंडाकडून आले. मिरचीशिवायची गोव्याची आमटी हे लोक सोडाच, आपल्यालाही डोळ्यांपुढे आणता येत नाही.

११.०० ला दोन मिनिटं कमी असताना मंगेशी. खांदे आणि गुडघे झाकलेले आहेत ना, हे मी बसच्या दारातच बघते. पाच-सहा जादा ओढण्या पिशवीत असतात. विदेशी पाहुण्यांनी कुठवर जायचं, हे देवस्थानाला आधी विचारून ठेवलेलं असतं. काकू मुलीच्या हाताला धरून पुजाऱ्यांबरोबर आत गेल्या. बाकीच्यांना घेऊन मी सात मजल्यांच्या पांढऱ्याशुभ्र दीपस्तंभाखाली थांबले.

पासष्ट मिनिटं. इतका वेळ या आवारात पाहुण्यांबरोबर मी कधी काढला नव्हता. एरवी तळं, दीपस्तंभ, फोटो, चला. आज लोक बसले. एका डच आजोबांनी दीपस्तंभावरचे पणत्यांचे कोनाडे मजल्यामजल्यानं मोजायला घेतले. मी सांगितलं की १७३९ साली पेशव्यांनी त्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या सांगण्यावरून हा गाव देवाला दिला. आणि या गावाचं नाव आडनावात घेऊन दीनानाथ मंगेशकर आणि पुढे लताबाई जगभर पोचल्या. एका बाईंनी फोनवर लताबाईंचा आवाज शोधला आणि कानाला लावून बसल्या. आतून घंटेचा आवाज येत होता.

काकू बाहेर आल्या त्या बेलपान मुठीत धरून. काही बोलल्या नाहीत. मुलीचे डोळे लाल होते.

१२.३५. बाणस्तारीवरून जुन्या गोव्यात. पहिल्यांदा जेवण, चाळीस मिनिटं, शीत-कडी आणि तळलेला मासा.

१.१५. बॉम जेझू. उन्हात डोळे मिटत होते, म्हणून बाहेर फक्त पाच मिनिटं, पण ती मी सोडत नाही. दर्शनी भिंतीचा जांभा उघडा आहे, कारण त्यावरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढला. खाणीतून काढताना मऊ असलेला जांभा वाऱ्यावर घट्ट होतो खरा, पण इतक्या पावसाळ्यांचं पाणी त्याच्या भोकाभोकांत शिरतंय. जवळ जाऊन बघितलं की चिऱ्यांच्या कडा झिजलेल्या कळतात. गिलावा पुन्हा करावा, असं चर्चच्या लोकांनीही म्हटलं आहे आणि मला ते पटतं. वरचं कोरीव काम काळ्या दगडाचं आहे. तो वसईहून आणला असं सांगतात.

आत सेंट फ्रान्सिस झेवियरची कबर. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. चर्च १६०५ चं. खालचा संगमरवरी चौथरा आणि ब्राँझची चित्रं फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोजिनीनं घडवली. टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोनं ती भेट दिली आणि १६९८ मध्ये इथं जोडली. जहाजावर इटालियन असले की ते इथं उभे राहतात, हे आपल्या गावचं म्हणतात. मी त्यांना वर बघायला सांगते. झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये आमच्याच गोव्याच्या चांदीकामगारांनी केली. दहा वर्षांतून एकदा ते अवशेष खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागच्या वेळी २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत नेले होते. त्या दिवसांत जुनं गोवं मी आखणीत धरतच नव्हते. रविवारी सकाळीही नाही, मिस्सा चालू असते.

से कॅथेड्रलला आज पंचवीसच मिनिटं. १७७६ मध्ये पडलेल्या मनोऱ्याची रिकामी जागा दाखवली आणि डोकी मोजली.

२.३० ला बस हलली. ३.२५, कुठ्ठाळीच्या नाक्यावर गर्दी. काकू झोपल्या होत्या.

४.२०. फाटक. पाच मिनिटं उशीर, तो आखणीत बसतो. चाळीस जण शिडीपाशी पोचले, चाळीस कार्डं मशीननं वाजवली. काकूंनी जाता जाता माझ्या हातावर साखर आणि नारळाचा तुकडा ठेवला.

“बाळ, तुझा काजूवाला रागावेल गं.”

“त्याचं मी बघते, काकू. सांभाळून चढा.”

सहाला भोंगा झाला. बाजूच्या टगबोटींनी जहाज हळूच धक्क्यापासून सोडवलं, आणि मी गाडीत बसून वही उघडली. गुरुवारी पुढचं जहाज आहे, त्याची शेवटची वेळ ४.३०. खाली तीच ओळ आधी लिहिली. मग वर, मंगेशीपुढे चाळीस खोडून साठ केले आणि काजूचा थांबा काढून टाकला.